विसर्ग

तारामुंबरीच्या सोसायटीचा फळा,
ज्यावर रोज बर्फाचा भाव असतो, नि डिझेल कधी येणार ते,
त्यावर आज सकाळी, भावाच्या वर, दाटीवाटीनं:
श्रीमती सत्यभामा भिकाजी सारंग, वय ब्याण्णव,
यांचे दुखःद निधन.

मी वाचलं, आणि आधी रडू नाही आलं,
आधी चूक दिसली.
तिचीच नात मी.

घरात आजी, फाटकाबाहेर बाई.
चौथीत एकदा वर्गात तोंडातून "आजी" गेलं.
तिनं ऐकलंच नाही. तीनदा हाक मारली.
चौथ्यांदा "बाई" म्हटलं, तेव्हा फळ्यावरून वळली:
"बोल, सारंग."

माझ्या कितीतरी आधी शाळा
जाळी ठेवायच्या मांगरात भरायची.
भिंतींना सुक्या बांगड्याचा वास,
हजेरी रापणीच्या हातात.
किनाऱ्यावर आरडाओरडा झाला की पाट्या तिथंच, मुलं वाळूत.
मग तीही खाली उतरायची, पदर खोचून:
सोळा वाट्यांतले जाळ्याचे किती, होडीचे किती,
विधवेच्या घरी जाणारा तो अर्धा कुणाच्यातला.
अपूर्णांक ज्यांना असे आले
त्यांना पुढं कुठला व्यापारी फसवू शकला नाही.
निदान हिशेबात नाही.

आजोबा आगबोटीवर. एडनहून पत्रं यायची, मोम्बासाहून.
ती उत्तर लिही, आणि त्याच पाकिटात
त्यांचं मागचं पत्र परत पाठवी
तांबड्या शाईनं तपासून.
गाव हसायचं.
शेवटच्या पत्रात एकही चूक नव्हती.
ते तेवढं तिनं ठेवून घेतलं.

पुढं दरवर्षी, नारळी पौर्णिमेच्या आधीचा आठवडा,
होड्यांवरची झापं निघाली की
ती रंगाचा डबा घेऊन वाळूत बसायची. नावं लिहायची.
कणकवलीचा पेंटर पैसे घेई, हिला चहाही पुरे.
पांडू खवळे म्हणाला, "बाईनु, 'दर्यासागर' लिवा."
"अरे, दर्या म्हणजेच सागर."
"म्हायत आसा. पण एका हाकेक तो आयकणा नाय."
ब्रश हातात धरून ती बराच वेळ बसली.
मग लिहिलं, जसं त्यानं सांगितलं तसं.
ती लाकडी होडी केव्हाच मोडली. फायबरची आली,
तिच्यावरही पेंटरनं कागद ठेवून उतरवून घेतलंय
तेच नाव, 'ग'चा तोच लांबलेला पाय.

शेवटी शेवटी माणसं गेली तिच्या डोक्यातून, अक्षरं राहिली.
औषधाच्या बाटलीवरचं वाचायची, कॅलेंडरवरचं,
डॉक्टरच्या चिठ्ठीला दहापैकी दोन द्यायची.
मला विचारायची, "तू कितवीत गं?"
एकोणपन्नास वर्षांची मी. "चौथीत, बाई."
"मग विसर्ग झाला असेल."

विसर्ग ती तोंडासमोर तळहात धरायला लावून शिकवायची.
"म्हण, दुः. हाताला लागला श्वास?
जिथं सुटला तिथं दोन टिंबं.
नंतर देऊन काय उपयोग?"

फळ्यापुढं माणसं जमली होती.
सगळी तिच्याच हाताखालची, सगळ्यांना दिसत होतं.
लिहिणारा सेक्रेटरीही त्यांच्यातच, मान खाली घालून.
कुणी बोलेना.
मग पांडू खवळे, ऐंशीचा, काठी टेकत पुढं झाला.
अंगठ्यानं दोन टिंबं पुसली.
तळहात तोंडाशी नेला. ओठ हलले.
आणि श्वास जिथं लागला
तिथं खडू दोनदा टेकवला.

खाली बर्फाचा भाव कालचाच होता.