मंगळवारचा धडा

बावीस वर्षं मी होडीची इंजिनं विकली
सेकोंडीच्या किनाऱ्यावर.
चाळीस हॉर्सपॉवरची, निळ्या टोपणाची.
आता ताकोराडीत, कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर,
ज्या वर्गातला पंखा नुसता लटकतो त्या वर्गात
सेल्स आणि मार्केटिंग शिकवते.
पगार निम्मा. गुडघ्यांना बरं.

पहिल्याच दिवशी हातात पुस्तक दिलं.
त्यात नरसाळ्याचं चित्र:
वरून माणसं ओता, खालून गिऱ्हाईक टपकतं.
नरसाळं माझ्या ओळखीचं आहे.
वाऱ्याकडे पाठ करून
त्यातून टाकीत तेल ओतलंय मी,
आणि कितीदा तरी
ते माझ्याच चपलांवर सांडलंय.

विचारलं, गिऱ्हाईक म्हणजे कोण?
एबोनं सांगितलं, ज्याला गरज आहे
आणि ज्याच्याकडे पैसे आहेत. पान चौदा.
शाबास, म्हटलं. गरज होडीवाल्याला.
पैसे मात्र धुराच्या खोपटात बसलेत,
डोळे पुसत, जाळीवरची मासळी उलटत.
अकरा महिने मी पुरुषांशी पिस्टनवर बोलले.
त्यांनी माना डोलावल्या, शहाळी पाजली,
इंजिन एकानंही घेतलं नाही.

मग आंटी मन्सानं मला
पालथ्या घमेल्यावर बसवलं.
एकच प्रश्न:
रविवारी बंद पडलं तर कोण येईल?
मी, म्हटलं.
तिनं पदराच्या गाठीतून नव्हे,
पिठाच्या डब्यातून नोटा काढल्या.
तीन रविवार गेले मी,
चर्चच्या कपड्यांत, हातात पाना.

पुस्तकात आठवड्याचे सातही दिवस सारखे.
इथे मंगळवारी कुणी समुद्रात जात नाही.
मंगळवारी जाळी सांधतात.
तेव्हा जा, आणि बसा.
दोरा संपला की नवा भरून द्या.
बोलणाऱ्याची म्हणे मातीसुद्धा खपते.
मी गप्प बसून लोखंड खपवलं.

मुलं लिहून घेत होती.
'गप्प बसणे', एबोनं लिहिलं,
आणि खाली दोन रेघा मारल्या.

शेवटच्या बाकावरून आकासी म्हणाली,
मॅडम, जे विकायला नको होतं
असं काही विकलंत का?

हा प्रश्न चौदाव्या पानावर नाही.
पुढच्याही नाही, मी पाहिलंय.
खाली कुणीतरी केळी तळत होतं,
तो वास वर आला, वर्गभर थांबला.

एग्या बेन्टिल, म्हटलं.
म्हातारा. होडी त्याच्याहून म्हातारी.
पंधराचं इंजिन मागत होता.
डिसेंबर होता, टार्गेटला दोन कमी,
आणि कंपनी त्या वर्षी फ्रिज देत होती.
मी त्याला चाळीसचं दिलं.
काय काय बोलले तेव्हा!
सगळं खरं होतं, एकूण एक वाक्य.
तिसऱ्या फेरीला मागची फळी पिचली.
नाही, कुणी बुडालं नाही.
चार वर्षं हप्ते फेडले त्यानं,
कधी नोटा, कधी धुरी दिलेली मासळी,
वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेली.
दर वेळी विचारायचा,
तुझी मुलं कशी आहेत?

फळ्यावर मी लिहिलं: पंधरा मागितले होते.
खडू मोडला, तो उचलायला वाकले,
जरा जास्तच वेळ वाकून राहिले.

एबोनं हात वर केला.
हे परीक्षेला येईल का?
येईल, म्हटलं.
कुठल्या वर्षी ते नाही सांगता येत.

संध्याकाळी घरी आले, पाण्याची बाटली काढली.
फ्रिज अजून चालतो.
चांगल्या कंपनीचा आहे.