मधली शिवण

सकाळी सहाला काळ्या चादरीवर दहिवर गोठलेलं असतं.
ओलीवर जोड धरत नाही.
म्हणून आम्ही चार उमेदवार
गुडघे टेकून, हातात जुने बनियन घेऊन
आताकामा पुसत होतो.

परीक्षक रिकेल्मे समुद्राकाठचा माणूस,
कॉन्सेप्सियोनचा. उंचीनं त्याचं डोकं धरलेलं.
कोकाच्या पानांचा चहा फुंकत म्हणाला,
चारशे अंश, मिनिटाला अडीच मीटर. सुरू करा.

लेखी पेपर काल झाला.
वारा किती वाढला की काम थांबवायचं? प्रश्न अकरावा.
लामांचे कान मागे पडले की, असं लिहिणार होते.
ताशी तीस किलोमीटर लिहिलं.
वारा तोच, पण गुण आकड्याला.

यंत्र मांजराएवढं.
दोन चादरींच्या मध्ये शिरतं,
तापलेली पाचर दोघींना वितळवते,
चाकं दाबून एक करतात,
आणि मागे दोन रेघा उरतात,
मध्ये बोटभर पोकळी.
तिची दोन्ही टोकं बंद करून हवा भरायची,
पाच मिनिटं काट्याकडे बघत बसायचं.
हलला, तर कालामाची बस संध्याकाळी पाचला आहे.

माझ्या आईचा आग्वायो
(पाठीवर पोर, बटाटे, काहीही बांधायचं ते कापड)
दोन अर्ध्यांचा आहे.
माग अरुंद, म्हणून दोनदा विणायचं
आणि मधोमध सांधायचं.
ती म्हणते, विणीला कुणी नावं ठेवत नाही,
पोर पडतं ते शिवणीतून.

तिसऱ्या मीटरला यंत्रानं उचकी दिली.
वाळूचा कण असेल.
शेजारच्या फिदेन्सियो आयाविरेनं ऐकलं,
मान वळवली, पुन्हा आपल्या कामाकडे नेली.
रिकेल्मे नाकातलं रक्त टिपत होता.
नमुने कापतात टोकांकडून,
मधलं कोण बघतं.
हवाही धरली. पाच मिनिटं, काटा जागचा हलला नाही.

मी पांढरा मार्कर काढला
आणि तिसऱ्या मीटरवर फुली मारली.
का, ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं.

हे काय?
इथे कापा.

इंचभर रुंदीची पट्टी त्यानं चिमट्यात धरली, ओढली.
चांगला जोड सुटत नाही,
शेजारची चादर फाटते, जोड तसाच राहतो.
माझा सुटला.
संत्र्याची साल निघावी तसा, आवाज न करता.

आभाळ फाटलं तर ठिगळ कुठे लावायचं, म्हणतात.
हे आभाळ नव्हतं.
ठिगळ गोल कापलं
(कोपरा ठेवायचा नाही, उलगडायला तिथूनच सुरुवात होते),
कड घासली, वितळती दोरी भोवती सोडत गेले.
साबणाचं पाणी, वर काचेची पेटी, आतली हवा ओढून घेतली.
बुडबुडा नाही.
त्यानं दोनदा बघितलं. मी तीनदा.
मग तो चहाच्या कपावर वही टेकवून
बराच वेळ काहीतरी लिहीत राहिला.

प्रमाणपत्र तीन आठवड्यांनी आलं.
मुदत दोन वर्षं. चोकेचं चोकी केलंय.
सोमवारपासून पश्चिमेचा तळ:
रोज शिवणीशेजारी मार्करनं लिहायचं
तारीख, वेळ, तापमान, वेग, ने. चो.
चौथ्या दिवशी त्यावर खडी पडते.

आईनं कागद बाजूला ठेवला, नमुना मागितला.
दीड मिलिमीटर. चिमटीत धरून वाकवला, हुंगला.
याच्यावर काय असणार?
दगड, मी म्हटलं. मग आम्ल.
आणि खाली?

दाराबाहेर, उतार संपतो तिथल्या पाणथळीत
आमचे लामा चरत होते, खूर बुडवून.

ती उठली आणि सुई शोधू लागली.
आग्वायोची मधली शिवण दोन बोटं उसवली होती.
मी दिवा जवळ धरला.