पट्टीखालची अक्षरं

हेअरड्रेसिंगच्या वर्गात सरावाची सोळा डोकी होती.
सोमवारी सकाळी त्यांच्या केसांत पांढरं दिसायचं.
टॅम्सिन म्हणायची, मिसेस गारबट, बाहुल्या पिकायला लागल्या.
मी म्हणायचे, झाडा आणि भांग काढा.
टीस नदीवरून वारा येतो, धूळ असायचीच.

नोव्हेंबरात सोअर्बी शिडीवर चढला.
चाळीस वर्षं कॉलेजच्या किल्ल्या सांभाळणारा माणूस,
उगाच बोलत नाही.
त्याने छताला स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला,
तो मुठीपर्यंत आत गेला.
खाली उतरून बराच वेळ हात पुसत राहिला.
आत जाळी आहे नुसती, म्हणाला, पावाला पडते तशी.
अडुसष्ट साली बसवताना तीस वर्षं टिकेल म्हणाले होते.
मग मोजायचंच राहून गेलं असणार.

दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप आणि कागद: खबरदारीचा उपाय.
आम्ही बॅडमिंटनच्या हॉलमध्ये.
बेसिन नाही, म्हणून मुली बादलीवर केस धुवायला शिकल्या.
परीक्षक म्हणाल्या, कल्पक.

मी पत्रं मागितली.
कायदा आहे इथे. कुणीही मागावं, का ते सांगावं लागत नाही.
कामाचे वीस दिवस.
एकविसाव्या दिवशी उत्तर आलं: जनहित तोलून पाहत आहोत.
मला तराजू दिसत राहिला.
एका पारड्यात जनहित,
आणि दुसऱ्यात, देव जाणे, कुणाची खुर्ची, कुणाची बढती,
की नुसताच एक ओशाळा शुक्रवार.

फेब्रुवारीत आली. त्रेचाळीस पानं.
वाक्यांना नजर लागू नये म्हणून
कुणी आडव्या तिटा लावाव्यात
तशा काळ्या पट्ट्या,
आणि समासात प्रत्येक पट्टीशेजारी कलम ३६.
तीन आणि सहा,
एकमेकांकडे पाठ करून बसलेले.

एकच वाक्य सबंध ठेवलं होतं, पान एकोणिसावर:
शनिवार-रविवार छान जावो.

पण केसांच्या आधी मी अकरा वर्षं टायपिंग शिकवलंय.
पट्टी मला मोजता येते.
पान सातावर ‘छत’ आहे, मग पट्टी, मग ‘शक्यता’.
फूटपट्टी लावली. आठ अक्षरं इंग्रजीत.
सहाव्याचं शेपूट पट्टीखालून बाहेर लोंबतंय,
पुसणाऱ्याचा हात तेवढा घाईत होता.
पी.
मी ओळखला शब्द. वर्गात सांगितला नाही.
मुली माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

आणि वर तारीख. ती झाकायची विसरले. चौदा मार्च.

मार्च ते नोव्हेंबर.
त्या छताखाली तेव्हा ब्रायनी पहिल्यांदा सरळ कापायला शिकली,
टॅम्सिनने स्वतःचे केस निळे केले, मग रडली,
नर्सिंग होमच्या सहा आज्या दर गुरुवारी
फुकट सेट करून घ्यायला यायच्या,
ड्रायरखाली डोळे मिटून बसायच्या.
आणि कुणीतरी, लंडनला, हे माहीत असताना,
शनिवार-रविवार छान जावो.

मला राग यायला हवा होता त्या जागी
आधी झोपच उडाली.
रात्री स्वयंपाकघराचं छत बघत पडून... नाही, बसून राहते,
ते साधं आहे, लाकडाचं, मला माहीत आहे.

सोअर्बीने एक तुकडा जॅमच्या बरणीत ठेवलाय.
परवा बादलीत टाकून पाहिला.
तरंगला.
मुलींनी टाळ्या वाजवल्या, एकीने फोटो काढला.
सकाळी आलो तर तळाशी होता.

आज अपील लिहायला बसले.
‘प्रिय’ लिहिलं.
पुढचं नाव त्रेचाळीस पानांत कुठेच उघडं नाही,
म्हणून तेवढी जागा मोकळी सोडली,
दहा अक्षरांची. मोजून.