तिथी दिसली

तांब्याचं भांडं माझ्या वडिलांनी ठोकलं,
तांबट आळीत, गर्गेबाईंनी कागदावर काढून दिलेल्या मापाने.
झाकणाला भोक, भोकात थर्मामीटर,
खाली स्पिरिटचा दिवा.
छप्पन्न अंश, अर्धा तास.
सत्तावन्न झाले तर बाई बोलत नसत,
फक्त चष्मा काढत.

चोपन्न साल. सिव्हिलच्या मागची बराक.
देवळालीहून शिपायांचं रक्त बर्फात यायचं
गरमीच्या तपासणीला.
आणि त्या तपासणीला जे लागतं, ते मरतं गरमीनेच.
हे मी एकदा बोलून गेले.
बाई पिपेट तोंडात असताना हसल्या.
ती नळी फेकून द्यावी लागली.

सकाळी म्हसरूळला, वाघमोड्यांच्या वाड्यावर,
मेंढीच्या मानेला सुई.
बाटलीत काचेचे मणी, आणि टांग्यात बसून
बराकीपर्यंत हलवत राहायचं.
हात थांबला की रक्त साकळलं.
टांगेवाला विचारायचा, ताक करताय का बाई?

पेशी मिठाच्या पाण्यात तीनदा धुवायच्या.
मग सशाचं सीरम. ते पेशींना धरतं,
पण धरून काहीच करत नाही,
समन्स घेऊन आलेल्या बेलिफासारखं
दारात उभं.
मग गिनीपिगचा थेंब, ताजा,
कालचा चालत नाही.
नळीतला गढूळ लाल
बघता बघता आरपार होतो.
मागे पंचांगाचं पान धरायचं.
अक्षरं लागली, तर काम झालं.
वहीत तसंच लिहायचो आम्ही:
तिथी दिसली.
तिथी दिसली नाही.

रात्री बाई तो थेंबांचा ऐवज
सेलोफेनच्या पिशवीत बांधून बर्फाच्या पाण्यात सोडत.
मीठ झिरपून जाई.
सकाळी तळाला पांढरा साका, वर नितळ.
साका एकटा घातला: नाही.
नितळ एकटं: नाही.
दोन्ही एकत्र: चतुर्थी, अगदी स्वच्छ, अंगारकी.
पूरक म्हणजे एक वस्तू नव्हे, बाई म्हणाल्या,
आत बरीच मंडळी आहेत.

पुस्तकात चार होती.
यीस्टने एक शोषलं जायचं, अमोनियाने एक मोडायचं,
ज्या क्रमाने सापडली, त्या क्रमाने आकडे.
पण कामाला कोण आधी लागतं?
पावसाळाभर तेवढंच.
एकानंतर दोन दिला. नाही.
एकानंतर तीन. नाही.
पेशी धुतल्या, पुन्हा एक, मग चार,
पुन्हा धुतल्या,
मग दोन, मग तीन.

बाई पंचांग डोळ्यांशी धरून
कितीतरी वेळ उभ्या होत्या.
एक, चार, दोन, तीन, म्हणाल्या,
हे काय मोजणं झालं?
मी म्हटलं, आमच्याकडे असंच आहे.
वडिलांचे कान घणाच्या आवाजाने गेले,
तेव्हा आधी थोरली शाळा सोडून शिवणावर बसली.
तिच्यामागून मी इथे आले, शेंडेफळ.
मधले दोघे भाऊ मग हळूहळू.
बाईंनी माझ्याकडे पाहिलं,
आणि वहीत आकडे लिहिले, खाडाखोड न करता.

दिवाळीनंतर बोटीने मासिक आलं,
चार-सहा महिने जुनं, कडा दमट.
त्यात तेच. तोच क्रम.
कुणीतरी आधीच, कुठेतरी दूर,
वीजेच्या पेटीत नळ्या ठेवून.
बाईंनी दोनदा वाचलं.
चष्मा काढला. पदराने पुसला. घातला.
म्हणाल्या, म्हणजे आपली भांडी स्वच्छ होती.
आणि मला गिनीपिगना लसूणघास घालायला पाठवलं.

परत आले तर बाई नळ्या मांडत होत्या,
सगळं पहिल्यापासून.
मी काही विचारलं नाही. दिवा लावला.

ती वही माझ्याकडे आहे.
त्या दिवशीच्या पानावर त्यांचं अक्षर, उजवीकडे झुकलेलं:
नाशिक. पाणी गोदेचं, दोनदा वाफवून धरलेलं.
भांडं तांब्याचं.
तिथी दिसली.