ख्वाटआजोबांचे पाय

गावाने त्यांच्या बाहुल्या पाहिल्या,
मी त्यांचे पाय पाहिले.
तेतचा सण उरकला की दर वर्षी
ते आरोग्यकेंद्राच्या बाकावर येऊन बसायचे,
विजार गुडघ्यापर्यंत दुमडून,
आणि म्हणायचे, "बघ बाई, माझे दोन मासे आणलेत."

बोटांच्या बेचक्यात पांढरी पडलेली कातडी,
पोटरीवर जळवांचे जुने-नवे तीळ,
टाचेला लाल नदीच्या गाळाची एक रेघ,
जी स्पिरिटनेही निघत नसे.
मी मलम लावायचे.
आठ दिवस पाण्यात उतरू नका, म्हणायचे.
ते हो म्हणायचे.
तिसऱ्या दिवशी तळ्याकाठी ढोल वाजायचा,
मला इथवर ऐकू यायचा.

तळं काही मोठं नव्हतं.
एरवी त्यात बदकं, भाजीच्या जुड्या,
कुणाची तरी चिखलाने भरलेली सायकल.
पण सणाला बांबूचा पडदा सुटायचा,
त्याच्यामागे सातजण कमरेइतक्या पाण्यात,
उतरण्याआधी प्रत्येकी एक घोट माशाचा खारट अर्क,
दाढेखाली आल्याचा तुकडा.
आणि पडद्यापुढे, शेवाळ बाजूला सारत,
उंबराच्या लाकडाच्या अप्सरा नाचायला यायच्या,
रोगणाचे सात हात दिलेले त्यांचे चेहरे
ठणठणीत कोरडे.

"उंबरच का?" मी एकदा विचारलं, घोट्याला पट्टी बांधता बांधता.
"हलका असतो. तरंगतो. शिवाय फुकट मिळतो.
तळ्याकाठीच वाढतो बिचारा, त्याला पाण्याचं काय कौतुक."
काठीच्या पोटातून दोऱ्या कशा ओवतात
ते मात्र सांगितलं नाही.
मंडळीची शपथ होती : बायकांना शिकवायचं नाही,
मुलगी परगावी नांदायला जाते, गुपित बरोबर नेते.
मी म्हटलं, माझं तर लग्नच झालं नाही.
ते खूप हसले.
तरी सांगितलं नाही.

मुलगा थुक हनोईत लिफ्ट दुरुस्त करतो.
"दोऱ्याच ओढतो तोही," आजोबा म्हणायचे,
"फक्त माणसं वर जातात, नाचत नाहीत."

शेवटच्या वर्षी गुडघे वाकेनात.
काठावर प्लास्टिकची खुर्ची टाकून
त्यांना प्रेक्षकांत बसवलं.
पंचावन्न वर्षं त्यांनी नाचणाऱ्या अप्सरांच्या
फक्त पाठी पाहिल्या होत्या.
मी शेजारी उभी होते, हातात गरम पाण्याची पिशवी.
ढोल वाजला. त्या आल्या.
आजोबा बराच वेळ बघत राहिले,
मग मला खाली वाकायची खूण केली.
"डावीकडून तिसरी. तिची एक भुवई बारीक झालीय.
इतकी वर्षं कुणी बोललं कसं नाही?"

पावसाळ्याआधी ते गेले.

तीन वर्षांनी, रीतीप्रमाणे, थुकने कबर उघडली.
थंडीतली रात्र, उजाडायच्या आत आटपायचं असतं.
सुगंधी पाण्याची दोन घमेली, एक कंदील,
एकेक हाड धुऊन मातीच्या पेटीत मांडायचं,
डोकं वर, पाय खाली.
मांड्या, बरगड्या त्याला जमल्या.
पायांपाशी अडला. मूठमूठ खडे नुसते.
"ताई, तुम्ही," म्हणाला, "तुम्हाला ठाऊक असतील."

मी बाह्या सारल्या. पाणी निवत आलं होतं.
एका पायात सव्वीस हाडं, हे मी कधीकाळी पाठ केलेलं.
उजव्याची सव्वीस भरली.
डाव्याची पंचवीस.
पुन्हा मोजली. पंचवीस.
खड्ड्यात खाली पाणी झिरपलं होतं,
त्या गाळात हात घातला,
काही दिसत नव्हतं, बोटांनीच शोधायचं,
कोपरापर्यंत आत, चाचपडत.
मागून कुणीतरी म्हणालं, राहू दे आता, उजाडतंय.

कंदील जरा खाली धरा, मी म्हटलं.