बाजू ब

केप्याच्या बाजारात, आग्नेलच्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानी
सोल्डरच्या धुरात बसून
अकरा दिवस मी एकच कॅसेट ऐकली.
लेबलावर निळी शाई: घुमट, चवथ, शेळवण, ८९.
वाजवणाऱ्यांची नावं नाहीत.

शामेळावरच्या काठ्या दोन म्हणतात,
घुमटावरचा हात तीन.
निदान वहीत मी तसं मांडलं होतं,
सहा घरांची रांग, खाली दोन टिंबं, वर तीन.
पहिल्या घरात दोघं भेटतात,
मग एकमेकांना ओळख न देता
चालत राहतात पुन्हा पहिल्या घरापर्यंत.
गणित बरोबर होतं.
पण टेबलावर वाजवायला गेलो की
डावा हात उजव्याच्या मागे लागायचा,
जत्रेत आईचा पदर धरल्यासारखा.

आग्नेल पूर्वी लग्नांत ड्रम वाजवायचा.
गुडघा गेल्यापासून पंखे, मिक्सर, टेप.
मान वर न करता म्हणाला,
"मेजी नाका मरे. आयक."
मोजायचं नाही, तर मग
धरायचं कशाला?

बाराव्या दिवशी वीज गेली.
टेप सेलवर लावला, सेल जुने.
ताल हळूहळू जड होत गेला,
ओल्या गोणपाटासारखा,
आणि दोन थापांच्या मधे
मला दुसरा तळवा ऐकू आला.
मडक्याच्या तोंडावर तो उघडतो, मिटतो,
आतली हवा सोडतो, धरतो.
इतके दिवस मी फक्त कातड्यावरचा आवाज मोजत होतो.

मग कोणीतरी खोकलं.
छत्तीस वर्षांपूर्वी, आरतीच्या ऐन मधे, कुणी म्हातारा.
मला हसू आलं, आणि हसता हसता
काउंटरवर माझे हात
दोन आणि तीन वाजवत होते.
बघितलं मात्र, तुटलं.

टेपही तेवढ्यात बंद पडला.
आग्नेलने सेल काढले, दातांनी चावून बघितले,
परत बसवले. "लाव."

आता जमतं. रोज नाही.
आता ती कॅसेट लावतो तेव्हा
काठ्यांकडे लक्ष नसतं माझं, हाताकडेही नाही.
मी त्या खोकल्याची वाट बघतो.
तो दोनात बसत नाही, तिनात बसत नाही,
आणि तरी दरवेळी
दोघंही त्याला जागा देतात.