खांबाची राखण

महिन्याला सात हजार मिळतात मला
वाऱ्याकडं बघत बसायचे.

सड्यावर खांब आहे, ऐंशी मीटर,
मारक्या रेड्यासारखा
चारी बाजूंनी तारांनी ताणून धरलेला.
वर तीन वाट्या गरगरतात.
वाऱ्याचा हिशेब खालच्या पेटीत जातो,
पेटीतला बेंगळूरला.
पेटीला कुलूप आहे. किल्ली माझ्याकडं नाही.

मष्णूआज्जा म्हशी घेऊन येतो,
खांबाच्या सावलीत बसून विचारतो,
"काय राखायलास रे पोरा?
वारा कोण चोरतंय?"

आमच्या गावात लाईट नाही.
अभयारण्य आहे, खांब पुरता येत नाही,
असं तीन साहेबांनी तीन वेळा सांगितलं
आणि तिन्ही वेळा आम्ही त्यांना चहा पाजला.
हा खांब एका दुपारीत उभा राहिला.

सुनावणी खानापुरात झाली.
कागद कन्नडात, वकील मराठीत, नकाशा इंग्रजीत.
नकाशात गाव नव्हतं,
गावाच्या जागी गोल होता, टी-अकरा.
तुळसव्वा उठून म्हणाली,
"वारा कुणाच्या उताऱ्यावर चढलाय, तेवढं दाखवा."
लोक हसले. साहेबही हसले, जरा उशिरा,
कुणीतरी कन्नडात सांगितल्यावर.

मग कलाप्पा उठला.
पंखे होऊदेत, म्हणाला, पंख्यांच्या मागनं रस्ता येईल.
त्याला कुणी उलट बोललं नाही.
गेल्या आषाढात त्याच्या बायकोला
आम्ही खाटेवरनं जांबोटीला नेलं होतं.
मागचा डावा पाय माझ्या खांद्यावर होता.
ओढ्यापर्यंत ती बोलत होती.

कार्तिकात तारांखाली पाकोळी सापडली.
तळहाताएवढी. कान चेहऱ्याला न शोभणारे, मोठे.
एक पंख उलटा झालेला,
वाऱ्यात छत्री उलटते तसा.
दुसरा इतका पातळ
की आरपार माझं बोट दिसत होतं.

गार्ड ईरण्णानं मोबाईलवर फोटो दाखवला:
ही फार कुठं नसते, म्हणाला,
आपल्या गुहेत आहे, आणि कुठंतरी लांब.
मग विचारलं, "एल्ली सिक्तु?"
मी म्हटलं, वाटेवर.
वाटेवरच म्हटलं. दोनदा.
तो माझ्याकडं बघत राहिला.
ह्याच ईरण्णानं मागल्या वर्षी
आमच्या सरपणाच्या मोळ्या उतरवून घेतल्या होत्या,
तेव्हाही असाच बघत होता.

रात्री कंपनीची वही काढली.
तारीख, वेळ, कुंपण, तारा,
आणि शेवटी एक रकाना: विशेष.
आठ महिने तिथं 'निरंक' लिहीत आलोय,
अक्षर आता वळणदार झालंय.
बॅटरी दातात धरली.
लिहिलं: एक.

साहेब विचारेल, एक काय?
वही महिनाअखेरीला जाते, सहीनिशी परत येते.
अजून कुणी विचारलेलं नाही.

काल तीन लिहिलं.